फायर पॉयचे लाँग एक्स्पोजर फोटो जज करायचेत, दोन फोटोंवर अडकलोय, तातडीने मदत हवी आहे

निशाचर: उद्या सकाळी निकाल द्यायचाय. दोन फोटो उरलेत, दोन्हीत फायर पॉय, म्हणजे साखळीच्या टोकाला पेटता गोळा बांधून फिरवतात ते. शटर जास्त वेळ उघडं ठेवून काढलेत, म्हणून ज्योतीची रेषा उमटते. पहिल्यात चार पाकळ्यांचं अख्खं फूल उमटलंय, रेषा एकदम स्वच्छ, पण चेहरा म्हणजे नुसता धुरकट डाग. दुसऱ्यात चेहरा लख्ख पण वर्तुळ एका बाजूला अर्धवट राहिलंय आणि रेषा बऱ्याच ठिकाणी पांढरीफटक. पहिला नंबर कोणाला देऊ? प्लीज लवकर सांगा.

शटरवेडा: अहो सेटिंग्ज तरी द्या. फ्लॅश मारलाय का?

निशाचर: पहिल्यात शटर ४ सेकंद उघडं, लेन्सचं छिद्र एफ ११, दुसऱ्यात १ सेकंद, एफ ५.६, दोन्ही आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००. फ्लॅशचं लिहिलेलं नाही.

तिपाई: मग रेषा पांढरी का झाली ते उघड आहे, एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं, एफ ११ वरून ५.६ म्हणजे चौपट उजेड. शटर जास्त वेळ उघडं राहिलं की रेषा जळते असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं नाही, ज्योत पुढे सरकली की त्या जागेचा हिशोब संपला, शटरने रेषा फक्त लांब होते आणि मागचा अंधार उजळतो. परत त्याच वाटेवरून गेली तरच भर पडते.

अंगारफुला: मी स्वतः पॉय फिरवते म्हणून सांगते, पहिलाच द्या. या फुलात हात एका दिशेने आणि पॉय उलट्या दिशेने फिरते, चारही पाकळ्या सारख्या येणं सोपं नाही. पाकळीच्या टोकाला पॉय मंदावते, तिथे रेषा जाड आणि जास्त उजळ येणारच, त्याचे मार्क कापू नका. आणि ४ सेकंद मान स्थिर ठेवून हे कोण करणार?

शटरवेडा: ताई, इथे फोटो जज करायचाय, पॉय नाही. शटर बंद होताना फ्लॅश मारला की चेहराही मिळतो आणि फूलही. निशाचर, दुसऱ्या फोटोत डोळ्यांत काय दिसतंय, फ्लॅशचा ठिपका की फिरत्या ज्योतीची रेघ?

निशाचर: झूम केलं. दोन्ही बुबुळांत केशरी रंगाची बारीक कमान आहे. ठिपका नाही.

शटरवेडा: म्हणजे फ्लॅश नाही! ज्योतीच्या उजेडात पॉय फिरवणारी अख्खा सेकंद न हलता उभी राहिलीय. माझं मत दुसऱ्याला.

नवखा_क्लिकर: स्टीलवूल (बारीक पोलादी तारांचा कापसासारखा गुंता) पेटवून फिरवलं तर असंच येतं का? आणि त्यासाठी कॅमेरा कोणता घेऊ?

अंगारफुला: स्टीलवूलच्या ठिणग्या लांब उडतात, लेन्सची काच जाते, सुकं गवत पेटतं. आधी ओली चादर आणि एक माणूस सोबत ठेवा, कॅमेऱ्याचं नंतर बघू.

तिपाई: मूळ प्रश्न राहिलाच. अनेक फोटो एकावर एक जोडून केलेला फोटो चालतो का?

निशाचर: नाही, एकच फ्रेम हवी असा नियम आहे. लिहायचं राहिलं.

तिपाई: हे आधी सांगायचं ना! पहिल्या फोटोत रेषा एकमेकींना छेदतात ती जागा बघा. एकाच फ्रेममध्ये उजेडाची बेरीज होते, छेद जास्त उजळ दिसतो. एडिटिंगच्या लाइटन मोडमध्ये फोटो जोडले की दोन्हीपैकी जास्त उजळ तेवढंच उरतं, बेरीज होत नाही. केशरी भागातच बघा, पांढऱ्या भागात कळणार नाही.

निशाचर: सहा छेद तपासले. एकही उजळ नाही.

अंगारफुला: एवढ्यावरून बाद करू नका हो, एडिटिंगमध्ये हायलाइट्स (फोटोतले सर्वात उजळ भाग) खाली ओढले असतील. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली एडिट न केलेली मूळ फाइल) मागवा.

निशाचर: दोघांकडेही मागितलीय. दुसऱ्याची आली, पहिल्याची अजून नाही.