लाईन गेली का मंग गळते

गुरुजी (अध्यक्ष): सुप्रभात 🙏 नवतप्याचा आज तिसरा दिवस. सर्वांनी ताक, पन्हे घ्यावे. दुपारी विनाकारण बाहेर पडू नये.

काकू १०१: सुप्रभात मंग. माह्या बेडरूमच्या बोर्डातून पानी येऊन राह्यलं. वरचा एसी गळते. हे चौथ्या डाव सांगून राह्यली.

देशमुख २०१: काकू, नमस्कार. कालही बोललो, माझ्या खोलीत एक थेंब नाही. पाईप गॅलरीत सोडला आहे, खाली बादली ठेवली आहे. बादली ठणठणीत कोरडी आहे. फोटो टाकतो.

देशमुख २०१: (फोटो)

काकू १०१: बादलीच्या फोटोले काय करू? लाईन गेली का मंग गळते.

ठाकरे कृषी केंद्र: काकू, लाईन गेली का एसी बंद राह्यते. बंद एसी गळन कसा 😂

काकू १०१: ते मले नाई माहीत. लाईन गेली का मंग गळते.

अनिकेत पुणे (१०१): नमस्कार. आई घरी एकटी असते हे सगळ्यांना माहीत आहे. देशमुख काका, आज दुरुस्त झालं नाही तर मी लेखी तक्रार देईन.

देशमुख २०१: दे बाबा. टाकीच्या वेळेसही तुमच्याकडून लेखीच आलं होतं.

गुरुजी (अध्यक्ष): टाकीचा विषय मागच्या पोळ्याला संपला आहे. कृपया पुन्हा नको.

ठाकरे कृषी केंद्र: कोनाचा संपला? माहे बाराशे अजून यायचे हायेत.

पप्पू वायरमन: काकू तुमी पहिले जिन्याखाली जाऊन मीटरपाशी तुमची एमसीबी, म्हंजे मेन बटन, खाली पाडा. चप्पल घालून, हात कोरडे करून. बोर्डाले हात लावू नका. मी वावरात हाओ, अर्ध्या तासात येतो.

काकू १०१: पाडली. सकाळी फॅनचं बटन दाबलं तं बोटाले झिनझिन झालं होतं.

पप्पू वायरमन: हे आता सांगता?

काकू १०१: पानी येते हे सांगतलं तं कोनं आयकलं?

देशमुख २०१: भिंत ओली असेल तर ती भेगेमुळे. आपल्या काळ्या मातीत कोणतं घर फाटलं नाही? पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आवळते. त्याचा एसीशी संबंध काय?

रश्मी वहिनी: भाऊजी, मे महिन्यात भेगेतून पाणी कुठून येईल? आभाळात ढग दाखवा एक.

ठाकरे कृषी केंद्र: म्हनून म्हंतो कूलर बरा. ना गॅस, ना मिस्त्री. जाळीतली वूड बदलली का झालं.

रश्मी वहिनी: तुमच्या कूलरच्या जाळीवर मिठाचा थर पाहिला का? आपल्या बोअरच्या पाण्यानं एका महिन्यात वूड पांढरी होते, हवाच येत नाही. खारपाणपट्ट्यात कूलर म्हणजे मिठागर.

ठाकरे कृषी केंद्र: मीठ तं मीठ. कूलरनं कोनी मरत नाई 😄

रश्मी वहिनी: ठाकरेभाऊ, माझी चुलतभावजय कूलरमध्ये पाणी टाकतानाच गेली. टपात बादली रिकामी करत होती, बटन चालू होतं, पायात काही नव्हतं. मस्करी नको.

ठाकरे कृषी केंद्र: माफ करा वहिनी. माहीत नव्हतं 🙏

गुरुजी (अध्यक्ष): 🙏🙏

गुरुजी (अध्यक्ष): कूलरमध्ये पाणी भरताना बटन बंद करून प्लग काढावा. सर्वांनी नोंद घ्यावी.

काकू १०१: नोंद घेतली. माह्या बोर्डाचं काय?

पप्पू वायरमन: आलो. एमसीबी घडीभर चालू करून पाह्यली. टेस्टर बोर्डाले नाई, भिंतीले लावला तं पेटला. बोर्डाच्या वर दीड फूट भित वल्ली हाये, तितल्या पट्ट्यात करंट हाये. लहान लेकरू असतं तं काय झालं असतं?

अनिकेत पुणे (१०१): मग एमसीबी आपोआप का पडली नाही?

पप्पू वायरमन: एमसीबी ओव्हरलोड नाई तं शॉर्ट झाल्यावरच पडते. मानसाच्या आंगातून जाते त्या करंटचं तिले काई वाटत नाई. त्याले ईएलसीबी पाह्यजे, ३० मिलीअँपिअरची. दोन वर्सांपासून मीटिंगमध्ये सांगून राह्यलो. दर डाव चहा पेतो आन घरी जातो.

ठाकरे कृषी केंद्र: चहा तं माह्याच दुकानातून येते.

पप्पू वायरमन: आन अर्थिंगचा खड्डा पाह्यला का कोनी? माती फाटून हात जाते आत. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पानी टाकत जा म्हनलं होतं.

रश्मी वहिनी: प्यायलाच तिसऱ्या दिवशी नळ येतो.

पप्पू वायरमन: बोअरचं टाका न. अर्थिंगले खारं पानी उलट चांगलं.

ठाकरे कृषी केंद्र: खारपाणपट्ट्यात जन्म घेतल्याचा पहिला फायदा सापडला.

देशमुख २०१: पप्पू, पाणी माझ्याकडून येतं हे सिद्ध झालं का? तेवढं सांग.

काकू १०१: लाईन गेली का मंग गळते.

चेतन ३०२: काकू, एक मिनिट. तुम्ही हेच सकाळपासून लिहिताय. लाईन गेल्यावर किती वेळानं गळतं?

काकू १०१: पंधरा-वीस मिनटांनं. धार लागते. लाईन आली का थोड्या वेळात बंद.

चेतन ३०२: झालं मग. काकू बरोबर आहेत. देशमुख काका, तुमच्या आतल्या युनिटमध्ये बर्फ जमतोय. एसी चालू असला की पाणी बर्फ होऊन कॉइललाच चिकटतं, म्हणून तुमची बादली कोरडी. लाईन गेली की सगळा बर्फ एकदम वितळतो, खालच्या पन्हाळीत मावत नाही आणि मागच्या भिंतीवरून उतरतो.

देशमुख २०१: मागे कपाट आहे. तिकडे कोण पाहतं?

चेतन ३०२: तेच. कपाटामागून वायरिंगच्या पाईपात शिरत असेल. तो पाईप सरळ काकूंच्या बोर्डात उतरतो. आणि आपल्याकडे आता हवा इतकी कोरडी आहे की चांगल्या एसीतून मे महिन्यात फार पाणी निघतच नाही. धार लागण्याइतकं पाणी मृग लागल्यावर, हवा दमट झाली की.

ठाकरे कृषी केंद्र: आयटीआयचे पैसे वसूल झाले बे चेतन.

चेतन ३०२: काका, कपाट सरकवा आणि एसीचा पुढचा पत्रा उघडून फोटो टाका. आधी बटन बंद करा, प्लग काढा.

देशमुख २०१: (फोटो)

रश्मी वहिनी: अगं माय! फ्रीजरसारखा झालाय की.

देशमुख २०१: कपाटामागे भिंत पूर्ण काळी पडली आहे. बुरशी आहे. बायकोच्या दोन पैठण्या गेल्या.

काकू १०१: पैठन्या दिसल्या. माहा बोर्ड नाई दिसला.

देशमुख २०१: काकू, मला खरंच माहीत नव्हतं. पण बर्फ गॅस कमी झाला की धरतो म्हणतात, आणि माझा गॅस कमी असणं शक्य नाही. मी दर वर्षी एप्रिलमध्ये गॅस भरून घेतो. २,५०० रुपये देतो. हे तिसरं वर्ष.

चेतन ३०२: काका, एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच तो फिरत राहतो. दर वर्षी भरावा लागतो म्हणजे दर वर्षी कुठून तरी निघून जातो. गॅस कमी झाला की कॉइल जास्तच गार पडते आणि बर्फ धरते. फिल्टर चोंदला तरी तसंच होतं.

अनिकेत पुणे (१०१): आता वाचलं. नवीन एसीत आर-३२ गॅस असतो आणि तो पेट घेतो! आई, खिडक्या उघड. देवासमोरचा दिवा विझव.

काकू १०१: दिवा नाई विझवत. सांज व्हायची हाये.

चेतन ३०२: अनिकेत, घाबरवू नको त्यांना. आर-३२ पेटतो, पण सिलिंडरच्या गॅससारखा लगेच भडकत नाही. बंद लहान खोलीत बराच साठला तर धोका. हवेपेक्षा जड असल्यानं तो खाली बसतो आणि त्याला वास नाही. सिलिंडरच्या गॅसात कळावं म्हणून मुद्दाम वास घालतात, यात तसं काही नाही. म्हणून २०१ ची खोली उघडी ठेवायची, तिथे उदबत्तीही नको.

चेतन ३०२: खरी भीती मिस्त्रीची. गॅस न काढता पाईपला ज्योत लावली की गेलं, त्यातून विषारी वाफही निघते. काही जण गळती शोधायला ऑक्सिजन भरतात. आत तेल असतं, ऑक्सिजनचा दाब पडला की स्फोट. नायट्रोजनच पाहिजे. काका, मिस्त्रीला आधी हे विचारा.

गुरुजी (अध्यक्ष): उपयुक्त माहिती. एसीचे पाणी डिस्टिल्ड असते, ते मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो. सर्वांनी वाया घालवू नये.

चेतन ३०२: गुरुजी, नका घालू. कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण धरून येतं ते. बॅटरी खराब होईल. फरशी पुसा त्यानं.

गुरुजी (अध्यक्ष): दोन वर्षे घालत आहे.

ठाकरे कृषी केंद्र: म्हनून गुरुजीच्या घरी दहा मिनटांत अंधार पडते 😂

गुरुजी (अध्यक्ष): हा मेसेज डिलीट केला आहे

देशमुख २०१: मिस्त्रीला फोन केला. मूर्तिजापूरहून येतो म्हणाला, संध्याकाळ होईल.

ठाकरे कृषी केंद्र: शकुंतला रेल्वेनं निघाला काय? ते तं बंद हाये.

काकू १०१: मी अंधारात बसून हाओ. फ्रीजमधलं दूध गेलं.

रश्मी वहिनी: काकू, दूध आणि भाजी आमच्याकडे पाठवा. जेवायलाही इकडेच या. भरीत केलंय.

देशमुख २०१: मिस्त्री येऊन गेला. आधी गॅस काढून घेतला, मग नायट्रोजन भरला. बाहेरच्या युनिटपाशी तांब्याच्या पाईपाच्या नटावर साबणाचा फेस लावला तर बारीक बुडबुडे येत होते. नटाखाली तेलाचा डाग होता, तो मला तीन वर्षं धूळ वाटत होती. कपडा मारत होतो त्यावर. पाईपचं तोंड नव्यानं करावं लागेल, उद्या येतो म्हणाला. पाणी जायचा पाईपही गाळानं अर्धा बंद होता.

पप्पू वायरमन: काकूचा बोर्ड खोलून ठेवला. दोन दिवस वाळू द्या. किचन आन हॉलची लाईन वेगळी करून चालू केली. बेडरूमची नाई.

अनिकेत पुणे (१०१): बोर्ड, वायरिंग आणि रंगाचा खर्च कोण देणार?

देशमुख २०१: वायरिंग मी देतो. रंग भेगेमुळेही लागणारच होता.

गुरुजी (अध्यक्ष): ईएलसीबीचा विषय रविवारी मीटिंगमध्ये घेऊ.

पप्पू वायरमन: चहा नाई पेत यावेळेस.

काकू १०१: लाईन गेली.

रश्मी वहिनी: काकू?? गळतंय का?

काकू १०१: थांबा. टार्च घेऊन पायतो.

काकू १०१: नाई गळलं.

देशमुख २०१: एसी बंदच आहे काकू. आम्ही गच्चीवर झोपलोय.