गर्भपाताच्या केसमध्ये लॅबलाही नाव कळू नये? (तिघांची चर्चा; टोपणनावं: नोंदवही, रक्तगट, दक्षिणवाट)

नोंदवही, फोंडा
गर्भपात कायद्याचा नियम जुनाच आहे: बाईचं नाव फक्त ॲडमिशन रजिस्टरात. केसपेपर, ऑपरेशन थिएटरची वही, फॉलो-अप कार्ड, सगळीकडे नुसता क्रमांक, ५/२०२५ असा, म्हणजे २०२५ मधली पाचवी. पण नाव फुटतं रक्ताच्या ट्यूबवरच्या चिठ्ठीतून, औषधाच्या बिलातून, नाहीतर काउंटरवरून मारलेल्या हाकेतून. गोव्यात आडनाव आणि वाडा सांगितला की घर सापडलंच. लॅब-फार्मसीतही क्रमांकच चालवा.

रक्तगट
मुळीच नको. नुसत्या क्रमांकावर ट्यूबांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. आरएच निगेटिव्ह (ए निगेटिव्ह, ओ निगेटिव्ह अशा गटाच्या) बाईचा गट चुकीचा लागला की अँटी-डीचं इंजेक्शन राहून जातं. ते ७२ तासांत द्यायचं असतं. राहिलं तर पुढच्या खेपेला पोटातल्या बाळाला भोगावं लागू शकतं. आणि रात्री रक्तस्राव वाढून बाई म्हापशाहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पोचली, तर तिथल्या डॉक्टरला ५/२०२५ वरून काय कळणार?

नोंदवही, फोंडा
ट्यूबवर दोन खुणा हव्यात, कबूल. क्रमांक आणि जन्मतारीख घाला की! बांबोळीसाठी बाईच्याच हाती चिठ्ठी द्या: गर्भपाताच्या गोळ्या, म्हणजे मिफेप्रिस्टोन २०० मिग्रॅ कधी घेतली, मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम कधी, रक्तगट, अँटी-डी दिलं की नाही.

रक्तगट
आणि ती चिठ्ठी सासूच्या हाती लागली म्हणजे?

दक्षिणवाट
अहो बाब, कागद राहू दे, मोबाइल बघा. पंधराव्या दिवशीच्या तपासणीचा एसएमएस क्लिनिकच्या नावासकट नवऱ्याच्या फोनवर वाजतो. भरती करतानाच विचारून घ्यावं: कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं. उत्तर केसपेपरवर लाल शाईनं.

रक्तगट
हे पटलं. पण सोनोग्राफीच्या फॉर्म एफवर लिंगनिदानविरोधी कायदाच नाव-पत्ता मागतो. लिंगनिदानावर नजर ठेवायची तर तिथं क्रमांक चालवून घेणार नाहीत.

नोंदवही, फोंडा
भरा की नाव. पण ५ तारखेला महिन्याचा अहवाल जाईपर्यंत फॉर्मांचा गठ्ठा रिसेप्शनच्या टेबलावर उघडा कशाला? गर्भपात कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला वर्षभरापर्यंत कैद ठेवलीय. ते कलम ५अ मात्र नोंदणीकृत डॉक्टरपुरतंच बोलतं. गठ्ठा चाळतो तो काउंटरवरचा मुलगा. कपाटाची किल्ली कुणाकडे, ते आधी ठरवा.

रक्तगट
किल्ली डॉक्टरकडे. ट्यूबवर नाव तरीही हवंच.