सूर्यापुढे शहराची उष्णता मोजायची कशाला?

गणितीबोका
तिरकस यांनी काल लिहिलं, ‘सूर्य भर दुपारी चौरस मीटरला १००० वॉट ओततो. माणसांच्या सगळ्या ऊर्जावापराची जागतिक सरासरी ०.०३ वॉटच्या आसपास. शहराची उष्णता मोजणाऱ्यांनी दुसरा उद्योग बघावा.’ आणि त्यावर टाळ्या!

अहो, त्या सरासरीत समुद्र, वाळवंटं, ध्रुव सगळं आलं. शहर तेवढं पसरलंय का? विसावलेला माणूससुद्धा शंभरेक वॉट सोडतो. चौरस किलोमीटरला २०,००० माणसं धरा, झाले चौरस मीटरला २ वॉट. तुमच्या सरासरीच्या साठपटीहून जास्त, आणि अजून एक दिवाही लावलेला नाही. टोकियोच्या मध्यभागासाठी इचिनोसे आणि सहकाऱ्यांचा १९९९चा अंदाज दिवसा ४०० वॉटच्या वर जातो, हिवाळ्यात कमाल १५९०. शिवाय सूर्य मावळतो, शहर नाही.

तिरकस
शिखर दाखवायचं आणि शहराच्या नावावर खपवायचं. हे आकडे येतात कुठून? वर्षाची वीज आणि इंधनाची विक्री घ्यायची, लोकसंख्या-रहदारीप्रमाणे तासातासाला वाटायची. मोजलं कुणी? वाटलं!

माळावरची
तुमचं चालू द्या. माझ्या खिडकीखाली शेजाऱ्यांच्या एसींची बाहेरची युनिटं ओळीने बसवलीत. रात्री एकला खिडकी उघडली की भट्टी. विजेच्या एका युनिटमागे चार युनिट उष्णता बाहेर फेकतात म्हणे.

जुनाफ्यूज
चार नाही, एकच. उरलेली तीन खोलीतलीच होती, भिंतीतून शिरलेलं ऊन आणि आतली माणसं. ती आज ना उद्या बाहेर पडणारच. तीही धरली तर दुबार हिशेब. भर पडली ती फक्त विजेची. आणि वीजकेंद्र शहराबाहेर असेल तर तिथे वाया गेलेली उष्णता या खात्यात येत नाही.

माळावरची
‘आज ना उद्या’ला मी काय करू? मला आज झोपायचंय. हिशेब तुमचा जुळला, घाम माझा.

जुनाफ्यूज
मग तुम्हीही एसी घ्या.

माळावरची
वा! म्हणजे वरच्या मजल्याच्या खिडकीखाली माझं युनिट. डोकं आहे हो तुम्हाला.

रिकामटेकडा
एसी-एसी काय लावलंय? सिग्नलला इंजिन चालू ठेवून फोनवर बोलणाऱ्यांना कोण विचारणार? एक लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास ९ युनिट उष्णता, आणि ती थेट रस्त्यावर.

जुनाफ्यूज
त्यातली गाडी पुढे न्यायला लागली ती वजा करा.

रिकामटेकडा
का? ब्रेक, टायर, हवेचं घर्षण... शेवटी जाते कुठे ती? पाचवी-सहावीचं विज्ञान आहे.

गणितीबोका
मूळ मुद्दा वाहून गेलाय, पण माळावरची यांचं बरोबर आहे. शहराच्या बेरजेत एक धरा, पण खिडकीखाली चारच पडतात, आणि नेमक्या त्या वेळी. रात्री हवेचा मिसळणारा थर उथळ असतो, तेवढीच उष्णता जास्त तापवते. फीनिक्स शहरावरच्या २०१४च्या अभ्यासात एसीच्या उष्णतेने रात्रीचं तापमान काही भागांत १ अंशाहून जास्त वाढलं, दिवसा परिणाम नगण्य.

तिरकस
मॉडेल आहे ते, थर्मामीटर नाही. तरी रात्रीपुरतं घ्या, दिलं. दुपारच्या डांबराचं आणि काँक्रीटचं खापर एसीवर फोडू नका म्हणजे झालं.

जुनाफ्यूज
मोठ्या इमारतींचे कूलिंग टॉवर वेगळ्या रकान्यात टाका. त्यांची बरीच उष्णता वाफेतून जाते, हवा लगेच तेवढी तापत नाही. आणि ‘चार’ पुन्हा लिहू नका.

माळावरची
चार.