मदत हवी आहे: पोकरमध्ये फ्लॉप (टेबलावर उघडणारी पहिली तीन पानं) न उघडताच हात संपला तर साइड बेटचं काय करायचं?

राजेहो, नागपूरच्या धरमपेठेत रविवारी आमचा सहा जणांचा होल्डेम (प्रत्येकाला दोन पानांचा पोकर) असतो, नुसत्या चिप्सवर, पैसे नाही. पॉटबाहेर (मधे जमलेल्या चिप्सपासून वेगळी) ‘फ्लॉपची तिन्ही पानं लाल’ ही बेट चालते, भाव १ ला ७. २२,१०० फ्लॉपपैकी २,६०० पूर्ण लाल, म्हणजे ११.७६ टक्के, बरोबरीचा भाव ७.५, त्यामुळे भाव देणाऱ्याला थोडं सुटतं. पण हातातली दोन्ही पानं काळी बघून कोणी लावली, तर शक्यता १३.२७ टक्के होते आणि ७ चा भाव देणाऱ्याच्याच अंगावर उलटतो. म्हणून पानं वाटायच्या आधी बेट बंद, हे पक्कं.

अडतं पुढे. फ्लॉपआधीच एक सोडून सगळे फोल्ड झाले (पानं टाकून बाहेर पडले), तर बेट परत करायची, पुढच्या हातावर न्यायची, की एक पान जाळून (न उघडता बाजूला टाकून) फ्लॉप दाखवायचा? परत करतो म्हटलं, की लावणारा फालतू पण काळ्या पानांवरही कॉल करून (समोरच्याइतक्या चिप्स भरून) फ्लॉप उघडवतो. पॉटचा खेळच बिघडतो.

आणखी एक: सत्ती-दुर्रीवर (हातात ७ आणि २ असताना) हात जिंकणाऱ्याला प्रत्येकाने २ बिग ब्लाइंड (पानं बघायच्या आधी लावायची मोठी सक्तीची बेट) द्यायचे. त्याच हातात ऑल-इन (सगळ्या चिप्स लावून) हरलेल्याने कुठून द्यायचे? तुमच्या टेबलावर काय करता, सांगा ना भाऊ.