सर्नच्या मशीनमध्ये आपल्या कॅटचा हात, पण आपल्याला मिळतं काय?

राजवाडा_पोहे: मुलगी बीएससी करतेय इथेच इंदूरला, ती सांगत होती की जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेची एलएचसी, म्हणजे कण एकमेकांवर आदळवायची ती मोठी मशीन, त्यात आपल्या इंदूरच्या कॅटचं (आताचं आरआरकॅट, सरकारी संशोधन केंद्र) काम आहे. छान वाटलं, पण मग डोक्यात आलं की अमेरिका-चीन एकीकडे एकमेकांच्या चिप अडवतात, टॅरिफ लावतात आणि मोठ्या मशीनसाठी सगळे एका पंगतीत कसे काय बसतात? आणि आपण त्यात नुसते मजूर का?

सांवेर_रोड: मजूर कसले भाऊ. तिथले डायपोल मॅग्नेट, म्हणजे कणांना वळवणारे चुंबक, १२३२, एकेक १५ मीटर लांब, वजन ३५ टनांच्या आसपास. ते ज्या जॅकवर टेकलेत ते आपल्याकडून गेले, सात हजारांवर! काम कॅटच्या देखरेखीत, बनवले बंगळुरूच्या एका कंपनीने आणि आपल्या इंडो-जर्मन टूल रूमने. पाना फिरवायचा आणि एवढं धूड मायक्रॉनच्या हिशोबात सरकवायचं, गंमत नाही. बदल्यात सर्नने सामानाच्या किमतीतला अर्धा भाग इंडिया फंडात टाकला, त्यातून आपल्या लोकांचं तिकडे जाणं-राहणं झालं. २०१७ पासून आपण असोसिएट मेंबर, म्हणजे वर्गणी भरा आणि टेंडर, नोकऱ्यांना पात्र व्हा.

बडोद्याची_सून: इटर पण बघा ना, फ्रान्समध्ये बनतंय ते, सूर्यासारखी फ्यूजन ऊर्जा मिळवायच्या प्रयोगाचं मशीन. २००६ चा करार, युरोप धरून सात भागीदार, त्यात अमेरिका, चीन, रशिया तिन्ही. वाटा बहुतेक सामानातच द्यायचा, रोख कमी. आपला क्रायोस्टॅट, म्हणजे मशीनभोवतीचं मोठं बाहेरचं भांडं, गुजरातेत हजीऱ्याला तुकड्यांत बनला आणि फ्रान्समध्ये जोडला. प्रत्येकाला शिकायचंय म्हणून काम असं वाटून घेतलंय, पण त्याचाच त्रास पण आहे, व्हॅक्यूम व्हेसलचे (आतली निर्वात टाकी) ९ तुकडे, ४ कोरियाचे ५ युरोपचे, आणि कोरियातून आलेल्यांच्या कडाच मापात निघाल्या नाहीत, दुरुस्तीत वेळ गेला.

खडूस_काका: फार भाबडे होऊ नका. सर्नने रशियासोबतचा करार नोव्हेंबर २०२४ मध्ये संपवला, इटरमध्ये मात्र रशिया अजून आहे, कारण त्याचं सामान सोडलं तर मशीन अडेल. अमेरिका-चीनचा १९७९ चा सायन्स करार २०२४ च्या डिसेंबरात वाढवला, पण फक्त बेसिक रिसर्चपुरता, एआय-क्वांटम बाहेर. जिथे लगेच पैसा नाही तिथेच गळ्यात गळे, माझं तर हेच मत.

राजवाडा_पोहे: काका पटलं. पण मुलीला कॅट आतून बघायला मिळेल का?

सांवेर_रोड: सायन्स डेच्या सुमाराला चौकशी करा, आणि एमएससीनंतर रिसर्चला लागली तर गाइडकरवी प्रपोजल टाकून इंडस-२ वर, म्हणजे कॅटच्या एक्स-रे देणाऱ्या मशीनवर, प्रयोगाला वेळ मागता येतो, बाहेरच्या युनिव्हर्सिटीवाले येतातच की.