छोट्या रिव्हॉल्वरसाठी .३२ मॅग्नम: अन्याय झालाय की योग्य तेच झालंय?

सहाघरी (धागाकर्ता)

छोट्या रिव्हॉल्वरचा विषय निघाला की लोक .३८ स्पेशल या रूढ काडतुसाचं नाव घेऊन मोकळे होतात (.३८, .३२ हे आकडे गोळीच्या व्यासाचे, ढोबळमानाने इंचांत). माझ्या मते दोन इंची बॅरलच्या, पाव-अर्धा किलो वजनाच्या रिव्हॉल्वरला शोभणारं काडतूस .३२ एच अँड आर मॅग्नम आहे. .३८ तिथे निव्वळ सवयीने बसलंय.

१९८४ साली हॅरिंग्टन अँड रिचर्डसन (एच अँड आर) ही रिव्हॉल्वर कंपनी आणि काडतुसं बनवणारी फेडरल यांनी जुन्या .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँगची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) २३.४ वरून २७.३ मिमीपर्यंत लांबवली आणि हे काडतूस झालं. ८५ ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक), कंपनीचा वेग सेकंदाला ११०० फुटांच्या आसपास. .३८ चं नेहमीचं १५८ ग्रेनचं काडतूस ७५५ फुटांवर. वजन गुणिले वेग करून बघा: ९३,५०० आणि १,१९,२९०. गोळीमुळे बसणारा धक्का पाचव्या हिश्श्याहून जास्त कमी झाला. ऊर्जा मात्र २२८ विरुद्ध २०० फूट-पाउंड, म्हणजे उलट .३२ कडेच थोडी जास्त.

आणि त्याच जाडीच्या सिलिंडरमध्ये पाचाऐवजी सहा काडतुसं बसतात. हलक्या रिव्हॉल्वरचा खरा त्रास दुसऱ्या गोळीचा असतो. पहिलीनंतर पकड हलते, बोटं पुन्हा जुळवावी लागतात. तिथे हा फरक लगेच कळतो.

मग चाललं का नाही? ज्या कंपनीच्या नावाने काडतूस आलं तिचे रिव्हॉल्वर फार दणकट नव्हते, म्हणून दाबाची मर्यादा २१,००० सीयूपीवर (दाबाचं एक जुनं एकक) अडकली. नावात मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीचं, आणि दाब बेताचा, त्यामुळे मॅग्नमवाल्यांनी हसण्यावारी नेलं. .३८ वाल्यांनी तर पाहिलंच नाही.

जाडबुड

असहमत. आकडे बरोबर आहेत, पण ते छोट्या रिव्हॉल्वरचे नाहीत. कंपन्या वेग छापतात तो लांब बॅरलचा. दोन इंचीतून दोन्ही काडतुसं मंदावतात आणि वेगावरच जगणाऱ्या हलक्या गोळीला ते जास्त जाचतं. ८५ ग्रेनची पोकळ टोकाची, लागल्यावर फुलणारी गोळी तेवढ्या वेगाला कित्येकदा उघडतच नाही. न उघडलेली ७.९ मिमीची आणि न उघडलेली ९ मिमीची, यात मी कुठली घेईन हे सांगायला नको.

शिवाय काडतूस म्हणजे नुसती पुंगळी नव्हे, तिच्यामागचा पुरवठाही. .३८ मध्ये १४८ ग्रेनची वॉडकटर (सपाट तोंडाची गोळी), १५८ ची शिसाची, +पी (जास्त दाबाची), हवं ते मिळतं. .३२ मध्ये दोन-तीन प्रकार असतात, तेही कधी असतात कधी नसतात. सराव एका गोळीने आणि खिशात दुसरी, असं करायचं तर स्थिर साइट दोन्हींना जुळत नाही. जड आणि संथ गोळी वर लागते, कारण ती बॅरलमधून बाहेर पडेपर्यंत नळी जास्त उचललेली असते.

सहाघरी

पोकळ टोक उघडत नाही हे मान्य. म्हणूनच छोट्या बॅरलला सपाट तोंडाची गोळी वापरावी. वॉडकटरला उघडायची गरजच नसते. तिची कड कापत जाते, आणि एवढ्या वेगाला चाचणीच्या जेलमध्ये १२ इंचांची किमान खोली गाठणं अवघड नाही. गंमत अशी की दोन इंची .३८ साठी जाणकार मंडळी हाच सल्ला देतात. मग दोन्हीकडे वॉडकटरच असेल तर जास्त धक्का आणि एक काडतूस कमी, हे कशासाठी सोसायचं?

तिसरी ओळ

.३२ अचूक नाही असं अजून कुणी म्हटलेलं नाही, तरी आधीच सांगून ठेवतो. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेच्या २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिमी व्यासापर्यंत सगळं चालतं. तरीही तिथे पार्दिनी आणि वॉल्थरसारखी पिस्तुलं .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॉडकटरमध्ये दिसतात. १८९६ चं काडतूस आहे हे! फक्त ते रिमवालं (बुडाला बाहेर आलेली कड असलेलं) असल्याने मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या पुढे बसली पाहिजे. मागे राहिली की रिम रिमला अडकते आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा भाग, अर्ध्यात थांबते.

पितळी

खरा प्रश्न .३२७ फेडरल मॅग्नमचा आहे, त्याबद्दल कुणी बोलत का नाही? २००७-०८ मध्ये फेडरल आणि रुगर यांनी पुंगळी ३०.५ मिमी केली आणि दाब नेला ४५,००० पीएसआयवर, म्हणजे चौरस इंचाला तेवढे पाउंड (.३५७ मॅग्नमची मर्यादा ३५,००० आहे). १०० ग्रेन, १५०० फूट, जवळपास ५०० फूट-पाउंड. नावातलं .३२७ मात्र जाहिरातीपुरतं, गोळी तीच .३१२ इंचाची. अर्थात .३८ चीही .३५७ असते, तेव्हा तक्रार कोणी करू नये.

एकाच सिलिंडरमध्ये .३२ एस अँड डब्ल्यू, लाँग, एच अँड आर आणि .३२७, चारही चालतात. .३२ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस पण टाकतात काही जण. त्याची रिम अर्धवट असते, नीट टेकेलच याचा भरवसा नाही. टाळावं.

कटकटी दोन आहेत.

पहिली: आखूड काडतुसं भरपूर झाडली की चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घरात), जिथे त्यांचं तोंड येतं तिथे, काजळी आणि शिशाचं कडं बसतं. मग .३२७ ची लांब पुंगळी त्याला अडते. अंगठ्याने दाबून बसवू नका. तोंड त्या कड्यात आवळलं गेलं तर गोळी सुटायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. .३५ चा पितळी ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून प्रत्येक चेंबरमध्ये फिरवत घाला, .३२ चा तिथे सैल पडतो. आधी आखूड आणि मग लांब असा क्रम असेल तर मधे ही सफाई हवीच.

दुसरी: दोन इंची रिव्हॉल्वरचा एजेक्टर रॉड, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी, आखूड असतो. तो ३०.५ मिमीची पुंगळी पूर्ण बाहेर ढकलत नाही. त्यात ४५,००० च्या दाबाने पितळ चेंबरला घट्ट धरतं. नळी आकाशाकडे करून तळव्याने रॉडवर एकच जोरदार फटका मारायचा. हळू हळू दाबलं की एखादी पुंगळी एजेक्टरच्या चांदणीखाली सरकते आणि सिलिंडरच मिटत नाही. एच अँड आरची पुंगळी तीन मिमीने आखूड, दाबही निम्म्याच्या आसपास, त्यामुळे ती सहज पडते.

अर्धरिम

.३२ ला न्याय द्या, पण .३८ सुपर या पिस्तुलाच्या काडतुसाला का विसरता? कोल्टने १९२९ मध्ये आणलं, दाब ३६,५०० पीएसआय, पुंगळी २२.८६ मिमी. ९ मिमीपेक्षा जागा जास्त, पिस्तुलाची जाडी तीच. बदनामी झाली अचूकतेवरून, आणि त्यात काडतुसाचा दोष नव्हता. जुन्या बॅरलमध्ये पुंगळी अर्धवट रिमवर टेकायची. रिम इवलीशी, त्यामुळे प्रत्येक वेळी काडतूस वेगळ्या जागी. पुंगळीच्या तोंडावर टेकणारे चेंबर कापल्यावर तेच काडतूस गोळ्या जवळजवळ लावू लागलं. तोवर नाव खराब झालं होतं.

जाडबुड

आणि सुपर हे त्याच्या कमी दाबाच्या पूर्वजाच्या, जुन्या .३८ एसीपीच्या पिस्तुलात तंतोतंत बसतं, हे सांगायचं राहिलं. मापं तीच, जुन्याचा दाब २६,५००. डबीवर +पी छापतात ते त्यासाठीच. ज्या काडतुसाच्या डबीवर इशारा छापावा लागतो ते लोकप्रिय झालं नाही तर नवल काय?

अर्धरिम

हे बाकी खरं. तरी स्पर्धेत बघा. यूएसपीएसए या अमेरिकी नेमबाजी संघटनेच्या ओपन गटात मेजर या वरच्या श्रेणीसाठी पॉवर फॅक्टर (गोळीचं वजन गुणिले वेग, भागिले हजार) १६५ लागतो, म्हणजे १२४ ग्रेनची गोळी १३३१ फुटांच्या वर. ९ मिमीत ते करणारे नेहमीच्या दाबाची मर्यादा ओलांडून करतात, आणि त्या ताणलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या म्हणजे जोखीम. सुपरमध्ये तेवढ्यासाठी ताणावं लागत नाही आणि कॉम्पेन्सेटरला (वायू वर सोडून नळीची उचल रोखणाऱ्या भागाला) वायूही भरपूर मिळतो.

तिसरी ओळ

.४१ मॅग्नमचा उल्लेख नाही म्हणून: १९६४, एस अँड डब्ल्यू मॉडेल ५७. काडतूस उत्तम, पण रिव्हॉल्वर .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्वरएवढाच जड. .४४ मध्ये हलकं .४४ स्पेशल चालवता येतं, .४१ ला रूढ असा धाकटा भाऊच नाही. .३२७ चं घराणं याच बाबतीत श्रीमंत आहे.

सहाघरी

पितळींच्या मुद्द्यावरून मी मूळ म्हणणं थोडं बदलतो. चार इंची स्टीलचा रिव्हॉल्वर असेल तर .३२७ घ्या. दोन इंचीत मात्र एच अँड आरच. .३२७ चा कडक आवाज बंद जागेत कानाला बोळे आणि मफ दोन्ही लावूनही झेपत नाही, आणि वेगाचा बराच भाग लोळाबरोबर बाहेर वाया जातो.

जाडबुड

हे पटण्यासारखं आहे. तरी घरी काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांसाठी एक अडचण उरतेच. .३२ च्या पुंगळीत दारू इतकी थोडी लागते की दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही. भरलेल्या पुंगळ्यांचा ट्रे बल्बखाली धरून प्रत्येकीत डोकावल्याशिवाय गोळी बसवू नका. .३८ मध्येही हाच धोका आहे म्हणाल, तर आहे. पण तिथे निदान तोंड रुंद असल्याने आत बघता येतं.