रयोंगला घरावर सोलार बसवावं का? (आणि आईला बातम्या कशा समजावू)

रयोंगकर:
नमस्कार मंडळी, थायलंडात राहणाऱ्यांना विचारायचंय. मी आठ वर्षं रयोंगला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. बायको इथलीच, घर तिच्या नावावर (जमीन आपल्या नावावर होत नाही हे इथल्यांना काय सांगायचं). एप्रिल-मेमध्ये बिल साडेपाच हजार बाथच्या आसपास येतं, सासूबाई दिवसभर घरी असतात आणि एसी लावून सिरीयल बघतात, त्यावर मी काही बोलू शकत नाही.
दोन कोटेशनं आलीत, ५ किलोवॉटला १ लाख ४५ हजार, १० किलोवॉटला २ लाख ४० हजार. सेल्सवाला म्हणतो मोठंच घ्या, उरलेली वीज सरकार विकत घेतं. साताऱ्याला भावाने सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट बसवलंय, ७८ हजार सबसिडी मिळाली, बिल जवळजवळ शून्य, तोही म्हणतो मोठंच बसव.
आणि आई म्हणते तिकडे एक पैसा अडकवू नकोस, तिथे दरवर्षी पंतप्रधान बदलतो आणि युद्ध चालू आहे. जुलै २०२५ मध्ये सीमेवर कंबोडियाशी भांडण झालं तेव्हा शेजारच्या चंथाबुरीच्या काही तालुक्यांत मार्शल लॉ लागला, तिने नकाशा काढून बघितला की चंथाबुरी रयोंगला लागूनच आहे, मग पाच दिवस रोज फोन. काय करू?

चिआंगमाईतला_अण्णा:
भावाचं ऐकू नकोस, तो वेगळ्या पद्धतीत बसलाय. आपल्याकडे महावितरणच्या नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेलं युनिट रात्रीच्या युनिटातून वळतं होतं, म्हणजे ग्रिडच तुझी बॅटरी. इथे तसं नाहीये. पीईए (इथली सरकारी वीज कंपनी) तुझ्याकडून युनिट घेणार २ बाथ २० सतांगला, दहा वर्षांचा करार, आणि संध्याकाळी तेच युनिट तुला विकणार पूर्ण दराने. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो, ४०० युनिटच्या वर ४.४२ बाथ (२०२५ चा दर), वर एफटी (इंधनाच्या भावाप्रमाणे बदलणारा आकार) आणि ७ टक्के व्हॅट, म्हणजे पावणेपाच-पाच धर. तुझ्या बिलात १,१०० च्या वर युनिटं असणार, तेव्हा घरात वापरलेलं प्रत्येक सोलार युनिट तुझा सगळ्यात महाग टप्पा कापतं आणि विकलेल्या युनिटाला त्याच्या निम्मेसुद्धा मिळत नाहीत. म्हणून छत किती मोठं ते बघू नकोस, सकाळी ९ ते ५ घरात किती जळतं ते बघ.
अजून एक, सेल्सवाला हे सांगणार नाही. मीटर सिंगल फेज असेल तर त्या विक्रीच्या योजनेत ५ किलोवॉटच्या वर घेत नाहीत, १० साठी थ्री फेज लागतं. आधी मीटर बघून ये.
माझं ५ चं आहे, वर्षाला साडेसहा हजार युनिटांच्या आसपास देतं. चिआंगमाईचा अक्षांश जवळजवळ पुण्याचाच, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चात नुसता पाऊस पडेल असं वाटलं होतं युनिटांचा, पण नेमका तेव्हाच शेतं आणि जंगल जाळतात, धुराने डोंगर दिसत नाही आणि पॅनेलवर राख बसते. तुमच्याकडे समुद्र आहे, तो त्रास कमी.

पट्टाया_तडका:
आईंच्या प्रश्नाचं मी बोलतो, वीज अण्णांकडे.
पंतप्रधानांचं त्या खोटं बोलत नाहीयेत. ऑगस्ट २०२४ ला स्रेत्था कोर्टाने घरी पाठवले, ऑगस्ट २०२५ ला पेतोंगतार्न, त्यांचा तर कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन यांच्याबरोबरचा फोन लीक झाला आणि खुर्ची गेली, मग अनुतिन आले. पण माझ्या हॉटेलच्या भाड्यात, गॅसमध्ये, लायसनमध्ये यातल्या कोणामुळे काही फरक पडला नाही. फरक पडतो तो बातम्यांमुळे. जानेवारी २०२५ मध्ये एका चिनी नटाला सीमेवरच्या माए सोत गावाहून म्यानमारच्या फसवणूक अड्ड्यावर नेलं, चार-पाच दिवसांत सुटला तो, पण चिनी गिऱ्हाईक त्यानंतर जे आटलं ते आटलं. २०१९ ला देशात जवळपास ४ कोटी पर्यटक होते, २०२४ ला साडेतीन कोटी, २०२५ ला त्याहून कमी. माझं चाललंय ते आपल्या लोकांवर, नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसा लागेनासा झाला त्यामुळे २०२४ ला २० लाखांच्या वर भारतीय आले आणि त्यातले निम्मे माझ्याकडे येऊन जैन जेवण आहे का विचारतात.
राजकारणावर इथे लिहायचं तर लिहा, पण राजघराण्यावर एक अक्षर नको हां. कलम ११२, ३ ते १५ वर्षं.

अण्णा (पुन्हा):
तडकाशेठ, थोडा फरक पडतो हो. विजेचा दर हे इथलं निवडणुकीचं खाद्य आहे. २०२२ च्या शेवटी सरासरी ४.७२ होता, स्रेत्था आले आणि ३.९९ करून टाकला, मग ४.१८, २०२५ च्या शेवटी ३.९४. एफटी दर चार महिन्यांनी बदलतो. दर उतरला की आपले पैसे फिटायला तेवढा वेळ जास्त. म्हणून सेल्सवाला "चार वर्षांत वसूल" म्हणाला तर तू सहा-सात धर, म्हणजे पंतप्रधानांचा त्रास होणार नाही.

कॉन्डोतला_जोशी:
आम्हाला छतच नाही. मार्च २०२५ च्या भूकंपाने भिंतीला पडलेली चीर आहे, तिच्यातून थोडं ऊन येतं, त्यावर काही बसतं का बघा.

नोंथाबुरीची_काकू:
रयोंगकर, पैशांचं झालं, आता छताचं बघा. आमच्याकडे सिमेंटची कौलं, बसवणाऱ्या पोरांनी चार कौलं फोडली आणि सिलिकॉन फासून गेले, ते कळलं सप्टेंबरच्या पावसात, माळ्यावर बादली ठेवली होती तीन आठवडे. कंपनी फोन उचलेना. तेव्हा शेवटचा हप्ता एक पावसाळा झाल्यावरच देणार असं आधीच लिहून घ्या, आणि हुकचे फोटो मागा.
दुसरं म्हणजे साधं ऑनग्रिड (बॅटरीशिवाय, थेट ग्रिडला जोडलेलं) घेतलंत तर लाइट गेली की सोलारही बंद पडतं, लख्ख ऊन असलं तरी. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून ते तसंच असतं. माझे मिस्टर पहिल्या फाय-डपला (लाइट जाण्याला इथे हेच म्हणतात) गच्चीकडे बघत उभे, एवढे पैसे घातले आणि पंखा फिरेना. ते हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, मग हिशोब पुन्हा पहिल्यापासून. आणि इन्व्हर्टरच्या वायरींची भोकं बुजवून घ्या, पाली आत जाऊन मरतात.
कोणी म्हणेल अर्ज नको, मीटर जुना चकतीचा आहे, उलटा फिरेल, मजा. अजिबात करू नका. पकडलं की दंड, आणि मीटर बायकोच्या नावावर आहे म्हणजे कागद तिच्या नावाने येणार.

रयोंगकर:
सगळ्यांना धन्यवाद. मीटर बघितला, सिंगल फेजच आहे, म्हणजे १० चा विषय संपला, सेल्सवाल्याला विचारलं तर म्हणाला "मी सांगणारच होतो".
एक मनातलं विचारतो. माझं वर्क परमिट आणि व्हिसा दरवर्षी नवा होतो आणि मी सात वर्षांत फिटणारी वस्तू घेतोय, हा येडेपणा आहे का? आईला खरं तर हेच म्हणायचंय बहुतेक, पंतप्रधान हे नुसतं निमित्त.

नोंथाबुरीची_काकू:
घर कोणाचं? बायकोचं. बिल कोण भरणार तुम्ही नसलात तरी? बायको आणि तिची आई. मग पॅनेल त्यांचंच धरा ना. तुम्ही नोकरीनिमित्त उद्या चेन्नईला गेलात तरी दुपारी एसी त्यांचाच चालणार आहे. आईंना सांगा सुनेच्या घरावर पत्रे टाकले.

रयोंगकर:
हे आवडलं. काल ९ ते ५ मीटर वाचला, १७ युनिटं. ५ वालं बरोबर बसतंय असं दिसतंय.

चिआंगमाईतला_अण्णा:
काल रविवार होता, तू घरी होतास आणि तूही एसीत असणार. मंगळवार-बुधवारचं घे, बायकोला फोटो पाठवायला सांग. सासूबाईंना मात्र कळू देऊ नकोस मोजतोयस म्हणून, एसी बंद करून पंखा घेऊन बसतील आणि तुझा आकडा येईल सात.